रोल नंबर तीनचं भरीत

"रोल नंबर एक," नवीन सर पुकारत. कोणी बोलत नसे. "रोल नंबर दोन." तिथेही सामसूम. "रोल नंबर तीन."

"हजर, सर," हर्षिता म्हणे.

मग सर हजेरीपटावर दोन फुल्या आणि एक बरोबरची खूण करत, चष्मा कपाळावर चढवत, आणि साठ खुर्च्यांच्या त्या लॅबभर नजर फिरवून म्हणत, "चला, मागच्यांनी पुढे येऊन बसा." मागे कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं. हर्षिता मधल्या ओळीत बसायची, कारण तिथला पंखा चालायचा. पण नवीन हे सरांचं नुसतं नाव, ते गेली सहा वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर होते, आणि तास म्हटला की त्यात ही वाक्यं आलीच पाहिजेत असा त्यांचा समज होता.

जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून, एका नव्याकोऱ्या खाजगी विद्यापीठात 'गेम डिझाइन अँड डेव्हलपमेंट' असा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम होता. मंजूर जागा साठ. पहिल्या वर्षी प्रवेश झाले तीन, पुढच्या दोन वर्षी एकही नाही. रोल नंबर एक हा भुसावळचा मुलगा, त्याचा आठव्या दिवशी नाशिकला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि तो गेला. रोल नंबर दोन कोण होता हे विद्यापीठात कोणालाच ठाऊक नव्हतं. अर्ज होता, फोटो होता, माणूस काही आला नाही. दोघांची नावं पटावरून काढायची तर त्यांनी समक्ष येऊन अर्ज द्यावा असा नियम. जे येतच नाहीत त्यांनी आपण येत नाही हे सांगायला यावं, याचं हर्षिताला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. तिसऱ्या वर्षी येत नव्हतं.

दर महिन्याला लॅबच्या दारावर नोटीस लागे: 'आपल्या वर्गाची सरासरी हजेरी तेहतीस टक्के असून ती चिंताजनक आहे. विद्यार्थ्यांनी गांभीर्य बाळगावे.' ती वाचणारी एकच विद्यार्थिनी, आणि तिने तीन वर्षांत एक तास बुडवला नव्हता. एकदा ताप एकशे दोन होता तरी गेली, कारण ती नाही गेली तर अख्ख्या वर्गाने दांडी मारली असं झालं असतं आणि नवीन सरांना वर लेखी उत्तर द्यावं लागलं असतं. असं गांभीर्य बाळगायला माणूस जातिवंतच लागतो.

आता हर्षिताबद्दल. ही धुळ्याची. सुरेशचंद ओस्तवाल यांची मुलगी. चौथ्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि धुळ्यात लग्न ठरलं की लोक आधी मंगल कार्यालय बघतात आणि मग सुरेशचंदकडे ताटं बघायला येतात. मुलगी गेमचं शिक्षण घेते म्हटल्यावर गिऱ्हाईकं विचारायची, "खो-खो की कबड्डी?" विद्यापीठाच्या ऑफिसातही कोणीतरी हाच विचार केला असणार, कारण तिच्या ओळखपत्रावर पहिलं दीड वर्ष 'क्रीडा विभाग' असं छापलेलं होतं, आणि स्पोर्ट्सवाल्यांनी तिला ट्रॅकसूटही दिला होता. तो ती अजून थंडीत घालायची. चांगला होता.

राहायला मेहरूणला, सुनंदाबाई भंगाळे यांच्या माडीवरच्या खोलीत. सुनंदाबाई एकट्याच. मुलगा पुण्याला, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. घरात दोन बायका, तरी दोघी कधी एकत्र जेवल्या नाहीत. ओस्तवालांकडे सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून हर्षिता साडेपाचला डबा उघडून बसायची. सुनंदाबाईंना नऊच्या आत भूकच लागत नसे. त्यातून हर्षिताला कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पहिल्या वर्षी मैत्रिणी शोधायला ती शेजारच्या कॉमर्सच्या मुलींबरोबर कँटीनला दोनदा गेली. दोन्ही वेळा सगळ्यांचं लक्ष तिच्या कोऱ्या पावाकडे. मग ती जायची बंद झाली. एकटं जेवायची सवय होते असं म्हणतात. तिला झाली नव्हती, एवढंच तिला कळलं होतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. विषय आला: 'स्थानिक संस्कृतीवर आधारित खेळ.' नवीन सर म्हणाले, "जळगावात राहून भरितावर नाही करायचं तर कशावर करायचं?" पावसाळा सरत होता, शेताशेतांत हिवाळ्यातल्या भरिताच्या पार्ट्यांचे बेत चाललेले. कल्पना छान होती. अडचण एकच, की हर्षिताने जन्मात भरीत खाल्लं नव्हतं. त्यांच्याकडे वांगं घरातच येत नाही, त्यात बिया फार. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "कॉम्प्युटरात का होईना, पण वांगं?" लाडकुंवर दादींनी मागून विचारलं, "त्यात कांदा आहे का?" आहे म्हटल्यावर त्यांनी निकाल दिला की हा खेळ पर्युषणात खेळायचा नाही.

चार महिने तिने काम केलं. शेत काढलं, बांध काढला, निंबाचं झाड काढलं. शेतात एक मुलगी. ती वांगी तोडते, चिरते, भाजते, मिरची घालून ठेचते, फोडणी देते आणि जेवते. प्रत्येक गोष्ट वेळेत केली की गुण. खेळणारा एकच. दुसरा खेळाडू ठेवायचा तर तो तपासून बघायला दुसरा माणूस लागतो, तो कुठून आणायचा? एका बोटाने खेळता येईल असा खेळ, आणि ते बोट चार महिने तिचंच होतं. तिचे गुण नेहमी शंभरपैकी शंभर यायचे.

खरी गंमत पुढे. प्रोजेक्ट जमा करायला ती परीक्षा विभागात हितेंद्रभाऊंकडे गेली. हितेंद्रभाऊ म्हणजे नियमाच्या बाहेर साधं न शिंकणारा माणूस.

"ग्रुप प्रोजेक्ट आहे," फॉर्म उलटा करून बघत ते म्हणाले. "चार सह्या लागता. बाकीचे तिघं?"

"बाकीचे नाहीत, भाऊ. वर्गात मी एकटीच आहे."

भाऊंनी हजेरीपटाची प्रत काढली. "हे काय, तिघं आहेत."

"ते दोघं येत नाहीत."

"येत नाहीत हा शिस्तीचा प्रश्न. आहेत ना? मग एकच कमी पडतो. चौथा शोधा."

तिने अर्ज केला. अर्ज समितीपुढे गेला, समितीने आठ दिवस विचार केला आणि 'विशेष बाब म्हणून' एकटीला परवानगी दिली. मात्र गटाच्या ऐवजी वीस वेगवेगळ्या व्यक्तींनी खेळ प्रत्यक्ष खेळून विहित नमुन्यात अभिप्राय द्यावा, नाव-पत्ता-सहीसह, पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत. न दिल्यास वर्ष पुन्हा.

वर्ष पुन्हा म्हणजे संपलंच होतं. सुरेशचंदांनी तीन वर्षं दिली होती आणि दुकानात मापात माप देणारा माणूस घरात चौथं वर्ष देणार नव्हता. तीन वर्षांत पदवी घेतली तर पुण्याला नोकरीला जाऊ देईन, नाहीतर धुळ्याला परत, हे त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं. ती भीती होतीच. पण हर्षिताच्या मनात खोलवर आणखी एक गोष्ट होती, जी तिने कोणाला सांगितली नव्हती, मुळात सांगायला कोणी नव्हतं म्हणून. तो खेळ तिच्याशिवाय जगात कोणी खेळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती दोन फोन घेऊन कँटीनच्या दाराशी उभी राहिली. मेकॅनिकलच्या पोरांचा घोळका आला. एकाने फोन हातात घेतला, बराच वेळ स्क्रीन इकडून तिकडे सरकवली आणि विचारलं, "यात फायरिंग कुठून सुरू होतं?"

"फायरिंग नाही. वांगं आहे."

पोरगा सभ्य होता. त्याने फोन दोन्ही हातांनी परत केला. तीन तासांत तिला एक अभिप्राय मिळाला आणि तोही तोंडी, चहावाल्याचा, की इथे उभं राहू नका, ट्रे लागतो.

शेजारचे रतिलाल नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांना कळलं तसे ते सल्ला द्यायला जातीने आले. "टेस्टिंगचं मला विचार, पोरी. अडतीस वर्षं तेच केलं. पहिला नियम, माल तपासताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं." म्हणून ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "हां, आता चालू कर." स्क्रीनवर काय चाललंय ते त्यांना अर्थात दिसलं नाही, पण स्फोट झाला नाही म्हणून त्यांनी समाधान व्यक्त केलं. हा अभिप्राय विहित नमुन्यात कसा बसवावा हे हर्षिताला कळेना.

रडकुंडीला येऊन तिने धुळ्याला फोन केला. सुरेशचंद म्हणाले, "वीस सह्या? एवढंच ना? नमुना पाठव." दोन दिवसांनी ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याबरोबर जाड पाकीट आलं. वीसच्या वीस फॉर्म भरलेले. तिने एकेक वाचायला सुरुवात केली. 'माल उत्तम आहे.' 'माल उत्तम, दर योग्य.' 'आम्ही नेहमी येथूनच घेतो.' सोनगीरच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, 'बठ्ठं भारी शे,' म्हणजे सगळंच भारी आहे. आणि एका बाईंनी 'खेळातील त्रुटी' या रकान्यात लिहिलं होतं, 'झाकण थोडे सैल.'

तिला आधी हसू आलं. मग फॉर्म मांडीवर घेऊन ती बसून राहिली. वीस माणसं तिच्या खेळाबद्दल चांगलं बोलली होती आणि एकानेही तो पाहिला नव्हता. शून्य माणसांपेक्षा हे वाईट होतं. तिने फोन लावला.

"पप्पा, यातलं कोणी खेळलं तरी का?"

"खेळायचं कशाला? सही केली ना?"

"मला सह्या नको होत्या, पप्पा. मला कोणीतरी खेळायला हवं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. मग सुरेशचंद म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला. तिने ते वीस फॉर्म ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. खोट्या सह्यांवर पास व्हायचं तिला जमणार नव्हतं, आणि हा तिचा शहाणपणा की हट्ट, हे ती स्वतःही सांगू शकली नसती.

रविवारी दुपारी सुनंदाबाईंकडे भिशी होती. सुनंदाबाई धरून अकरा बायका, बहुतेक आसोदा-भादलीकडच्या, शेतकरी घरांतल्या. हर्षिता पाणी न्यायला खाली आली तर सुनंदाबाईंनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला. "काय व पोरी, जेवली नाही का?"

हर्षिताने सगळं सांगितलं. सुनंदाबाईंनी चष्मा लावला. "आण इकडे. भरिताचं आहे ना? मग आम्हाला काय शिकवतं ते पाहू."

फोन हाताच्या अंतरावर धरून त्यांनी खेळ सुरू केला. स्क्रीनवरच्या मुलीने वांगं तोडलं. मग सुरी घेऊन त्याच्या छान चौकोनी फोडी केल्या.

खोलीत शांतता पसरली. अशी शांतता हर्षिताने फक्त लॅबमध्ये ऐकली होती.

"हे काय करून राहिली ही?" सुनंदाबाई म्हणाल्या. "वांगं चिरलं?"

"माय, चिरलं," दुसरी म्हणाली.

"भाजायच्या आधी?"

आता हर्षिताने आयुष्यात जी भाजी पाहिली ती दुधी, गिलकी, टिंडे. ती चिरूनच शिजते. वांगं अख्खं, देठासकट, टोचे मारून, तेलाचं बोट लावून, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि मग सोलतात, हे खान्देशातल्या तान्ह्या पोराला कळतं. पण त्या तान्ह्या पोराच्या घरात वांगं आलेलं असतं. चार महिने बांधावरचं गवत एकेक काडी काढणाऱ्या मुलीने मूळ पदार्थच चुकवला होता, आणि नवीन सर मूळचे सुरतचे, त्यांना ग्राफिक्स आवडले होते.

"आणि काड्या कुठेत? गॅसवर ठेवलं का? शेतात गॅस?" "मिरची पहा किती. ही कोणाला पुरते?" फोन हातोहात फिरू लागला. एकीने वांगं घेतलं, दुसरी म्हणाली तू भाज, ठेचायचं माझ्याकडे दे, तुझा हात हलका पडतो. कोणी एक बाई सगळं करायला तयारच होईना. शेवटी सहा जणींनी एकाच वेळी बोटं लावली. खेळ एका बोटासाठी बांधलेला, तो जागच्या जागी थिजला आणि बंद पडला.

"मोडला," सुनंदाबाईंनी जाहीर केलं. मग चष्म्यावरून हर्षिताकडे पाहिलं. "पण एक सांग. ही पोरगी शेतात एकटी काय करून राहिली?"

"भरीत करतेय."

"एकटीसाठी?"

"हो."

अकराही जणी तिच्याकडे बघत राहिल्या. "एकटीचं भरीत कोणी घालत नाही, माय," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि या वेळी आवाज खाली आला होता. "दहा-बारा माणसं जमली तरच जाळ पेटतो. एकटं माणूस पिठलं खातं. मी पाच वर्षं झाली भरीत घातलं नाही."

हर्षिताने फॉर्मचा गठ्ठा पुढे केला. बायका जे सगळं मिळून करतात ते फॉर्मचंही मिळूनच केलं. एकच फॉर्म घेतला, त्यावर अकरा नावं, अकरा सह्या, आणि त्रुटीच्या रकान्यात तिघींनी आळीपाळीने लिहिलं: 'वांगे आधी चिरू नये. काड्या हव्यात. मुलीला एकटे बसवू नये.' हर्षिता काही म्हणेपर्यंत उरलेल्या फॉर्मांवर भज्यांच्या बशा आल्या होत्या.

सोमवारी हितेंद्रभाऊंनी तो फॉर्म उजेडात धरला. "हा एक झाला."

"भाऊ, अकरा सह्या आहेत."

"सह्या अकरा, फॉर्म एक. आणखी एकोणीस आणा." ते फॉर्म परत देत होते आणि त्यांची नजर त्रुटीच्या रकान्यावर गेली. हात थांबला. "वांगं आधी चिरलं?"

हितेंद्रभाऊ बामणोदचे, भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या गावचे. हे तिला माहीत नव्हतं. बामणोदच्या माणसापुढे भरिताच्या वांग्याचा असा अपमान झाला तर त्याचं काय होतं, तेही माहीत नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवला, तो फोन मागितला, आणि पहिल्या सुरीलाच खुर्चीवरून उठले. "पाटील, इकडे या. पहा हे काय केलंय." शेजारच्या टेबलावरचे आले, आवक-जावकवाले आले, शिपाई आला. सहा माणसं फोनवर ओणवी झाली आणि जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी खिडकीबाहेरच्या रांगेला कोणी दाद दिली नाही. निघताना भाऊ म्हणाले, "नियम नियमाच्या जागी. शुक्रवार पाच. पण हे असं जमा करू नका. गावाची अब्रू आहे."

तीन दिवस ती सकाळी आठला लॅब उघडायची. वांगं अख्खं भाजायचं हे पहिल्या दिवशीच दुरुस्त झालं. पण सुनंदाबाईंचं ते एकटीच्या भरिताचं वाक्य खेळातल्या गॅसच्या शेगडीसारखं पुसून टाकता येईना. शेवटी तिने खेळाचा सांगाडाच उचकटला. वीस खेळणारे, वीस कॉम्प्युटर, एकच शेत. एकाने काड्या पेटवायच्या, एकाने वांगी उलटायची, एकाने सोलायची, एकाने शेंगदाणे भाजायचे, एकाने पुऱ्या लाटायच्या. कोणालाही स्वतःचं काम सोडून दुसऱ्याचं करता येणार नाही आणि कोणाच्याही एकट्याच्या हाताने भरीत पुरं होणार नाही. गुण काढून टाकले. नवीन सर म्हणाले, "मग जिंकतं कोण?" ती म्हणाली, "जेवायला बसतात, सर." सरांनी डोकं खाजवलं आणि पुढच्या खुर्चीवर बसून तिला चुका शोधायला मदत केली. तीन वर्षांत ते पहिल्यांदा वर्गात खाली बसले होते.

शुक्रवारी अडीचला फाटकावर बायकांच्या रिक्षा आल्या, पाठोपाठ नानांची स्कूटर. सुरक्षा रक्षक लोटनभाऊंनी विचारलं, "कशाला आले?"

"खेळायला," नाना म्हणाले.

"मैदान मागे आहे."

अकरा बायकांचे अकरा पास, प्रत्येकावर येण्याचं कारण, यात पाऊण तास गेला. शेवटी लोटनभाऊच वैतागून कसलं भरीत ते बघायला बरोबर आले. वर लॅबमध्ये दुसरीच अडचण. खुर्च्यांवरची प्लास्टिकची आवरणं काढायची तर त्या डेडस्टॉकच्या, म्हणजे सामानाच्या वहीत नव्या म्हणून नोंदलेल्या. हितेंद्रभाऊ ऑफिसचे पाच जण घेऊन आले तेव्हा सुनंदाबाईंनी आवरण टराटरा फाडलेलं होतं. भाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहण्यात बराच वेळ घालवला.

सगळे बसले. नवीन सर दारातून आत आले आणि थबकले. त्यांच्या हाताने आपोआप हजेरीपट उघडला.

"रोल नंबर एक."

"हजर," सुनंदाबाई म्हणाल्या.

"रोल नंबर दोन."

"हजर हो," रतिलाल नाना म्हणाले.

"प्रॉक्सी चालत नाही," हितेंद्रभाऊ पुटपुटले, पण हळू.

"रोल नंबर तीन."

रोल नंबर तीन पाठमोरी होऊन उगाच एक वायर तपासत राहिली. तेवढी एक हजेरी त्या दिवशी लागायची राहिली.

खेळ सुरू झाला. लॅबमध्ये असा गलका झाला की कॉमर्सची पोरं खिडकीत आली. "काड्या सारा!" "अहो पाटील, वांगं करपलं." "मिरची कोणाकडे आहे?" मिरची हितेंद्रभाऊंकडे होती आणि ते ती मोजून देत होते. नानांना जाळाचं काम दिलं होतं म्हणून ते खुर्ची मागे ओढून लांबून माऊस चालवत होते. वांगी सोलली, ठेचली गेली, फोडणी तडतडली, पातीचा कांदा पडला. आणि तिथे खेळ अडला. भरीत तयार, पुऱ्या तयार, पण स्क्रीनवर कोणी बसेना. ताटं मांडायची राहिली होती. ते विसाव्याचं काम होतं.

हर्षिताने मोजलं. अकरा बायका, नाना, ऑफिसचे सहा, लोटनभाऊ. एकोणीस. नवीन सर शिक्षक आणि ती स्वतः खेळ करणारी, दोघंही चालत नव्हते. खिडकीतल्या पोरांना विचारावं म्हणून ती वळली, तर पोरं तासाच्या घंटेला निघून गेली होती. घड्याळात साडेचार झाले होते.

दारात सुरेशचंद उभे होते. पांढरा सदरा, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कोरी कढई, कारण दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत अडीच तास आले होते. वर्किंग डेला दुकान बंद ठेवायची त्यांची ही पहिली वेळ. त्यांनी विसाव्या खुर्चीकडे आणि मग स्क्रीनवरच्या ढीगभर वांग्यांकडे पाहिलं.

"मला त्याला हात लावावा लागेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही पप्पा. तुम्हाला फक्त ताटं मांडायची आहेत."

सुरेशचंद बसले. माऊस पहिल्यांदा हातात घेतला. पण ताटं त्यांना कोणी शिकवायची नव्हती. एक ताट, दुसरं, तिसरं, दोन ताटांमध्ये सारखं अंतर, वाटी उजवीकडे, पेला वर. विसावं ताट ठेवलं, थोडं वाकडं वाटलं म्हणून सरळ केलं. तेव्हा कुठे झाडाखाली सगळी माणसं बसली आणि वीसच्या वीस स्क्रीनवर एकाच वेळी जेवणं सुरू झाली. सुनंदाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

पाचला सात मिनिटं कमी असताना हितेंद्रभाऊंनी स्वतःचा फॉर्म धरून वीस फॉर्म मोजले, दोनदा मोजले, आणि पोच दिली. सगळ्यात वरचा फॉर्म सुरेशचंद ओस्तवाल, चौथी गल्ली, धुळे यांचा. अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'माल उत्तम.' खाली जरा जागा सोडून, 'स्वतः पाहिला.'

सोमवारी पुन्हा हजेरी होणार होती आणि पुन्हा दोन फुल्या पडणार होत्या, हे हर्षिताला माहीत होतं. पुढच्या वर्षीच्या साठ जागांसाठी अजून एकही अर्ज नव्हता. बायका कढई घेऊन आधीच पुढे गेल्या होत्या. ती ट्रॅकसूटची चेन वर ओढून वडिलांबरोबर मेहरूणला आली आणि सवयीने डबा घेऊन माडीचा जिना चढू लागली. सूर्य खाली आला होता.

"वर कुठे निघाली?" सुनंदाबाईंनी अंगणातून हटकलं.

अंगणात काड्यांचा जाळ पेटला होता. त्यावर वांगी नव्हती. कच्ची केळी होती, सालीसकट, शेतातून आणवलेली, काळी पडेपर्यंत भाजत ठेवलेली. कांदा नाही, लसूण नाही. फक्त मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि सुरेशचंदांच्या नव्या कढईत फोडणी.

"एवढं सगळं माझ्यासाठी कशाला, काकू?"

"तुझ्यासाठी कुठे? एकटीचं भरीत होत नाही, सांगितलं ना."

सुरेशचंद पुढे झाले आणि अंगणभर ताटं मांडायला लागले. भिशीच्या अकरा, नाना, ते आणि हर्षिता. नऊच्या आत कधी न जेवणाऱ्या बायका पदर खोचून, मावळतीकडे बघत, घाईघाईने पाटांवर बसल्या. चौदा ताटं होती. भूक लागलेली माणसं त्यात दोनच.